अर्ध्या मुठीचे आकडे

१

शुक्रवारी सकाळी साडेदहाला मंडळाचं पत्र आलं आणि घरात चोर निघाला. चोरी झाली होती भाचीची, आणि पत्राप्रमाणे चोरही भाचीच होती.

आत्याने पत्र दोनदा वाचलं. चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कुठलाही कागद एकदा वाचून चालत नाही. मोटारसायकलींबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं की त्या दोन चाकांवर उभ्या राहतात आणि माणसं त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त प्रेम करतात. पण पत्राची भाषा तिच्या ओळखीची होती. परीक्षेत कॉपी पकडली की असंच लिहितात.

‘आपण गुरुवारी सादर केलेला इंधनाचा तक्ता, बुधवारी दुसऱ्या स्पर्धकाने सादर केलेल्या तक्त्याशी आकड्याला आकडा जुळतो. उद्या, शनिवारी, दुपारी तीन वाजता खुलासा करावा. तो समाधानकारक नसल्यास आपलं नाव पाच वर्षांसाठी यादीतून वगळण्यात येईल.’

“दुसरा स्पर्धक म्हणजे आरसेवाला ना?” आत्याने विचारलं.

भाची वर्कशॉपच्या पायरीवर बसली होती. तिचे हात नेहमी काळे असायचे, आज चेहराही उतरला होता. “तोच. आत्या, पाच वर्षं नाव नसलं तर माझ्याकडे गाडी कोण आणील? सायकलसुद्धा आणणार नाहीत.”

आरसेवाल्याच्या वर्कशॉपला चारही भिंतींना आरसे होते, म्हणून हे नाव. तिथे गाडी एकच असली तरी चार दिसायच्या. मंडळाच्या प्रशिक्षण शाळेतल्या चोवीस मोटारसायकली दरवर्षी ट्यून करायचं काम या दोघांपैकी एकाला मिळणार होतं. दोघांनी एकाच मॉडेलची गाडी घ्यायची, हवे ते बदल करायचे, ट्यून करायची आणि तिचा तक्ता छापील कागदावर व पेनड्राइव्हवर द्यायचा, अशी अट होती.

“मला पहिलीतल्या मुलीला सांगतात तसं सांग,” आत्या म्हणाली. “तक्ता म्हणजे काय?”

भाची उठली आणि तिला डायनोपाशी घेऊन गेली. जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी रोलर, त्यावर गाडीचं मागचं चाक, आणि गाडीला चारी बाजूंनी आवळणारे पट्टे. गाडी धावते, पण जागची हलत नाही. रोलर सांगतो ताकद किती, आणि सायलेन्सरमध्ये खुपसलेला सेन्सर सांगतो की पेट्रोल नीट जळतंय की नाही.

“इंजिनाचे फेरे किती आणि मूठ किती पिळलीय, यावर पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. सोळा ओळी, सोळा रकाने. दोनशे छप्पन आकडे. बहुतेक लोक पूर्ण मूठ पिळतात, दहा सेकंदांत ताकदीचा आकडा येतो, गिऱ्हाईक खूश. पण रस्त्यावर पूर्ण मूठ पिळून कोण चालवतं? सगळे अर्ध्या मुठीवर चालवतात. मी तीन दिवस नुसती अर्धी मूठ केली, आत्या. एकेक खण.”

“मग त्या तीन दिवसांच्या पायऱ्या दाखव त्यांना. प्रत्येक वेळी गाडी चालवून काय मिळालं, ते कुठेतरी साठलं असेलच की.”

भाचीने मान खाली घातली. सातवीत असताना याच आत्याने तिला गणितात अठ्ठ्याण्णव दिले होते. उत्तर बरोबर, पण पायऱ्या नाहीत, म्हणून दोन कापले. शाळेत आत्याने कधी कोणाला शंभर दिले नव्हते, आणि भाची म्हणून तर मुळीच नाही.

“पायऱ्या लॅपटॉपमध्ये होत्या. मंगळवारी पुसल्या गेल्या,” भाची म्हणाली. “भाऊजींनी पुसल्या. आणि तेच भाऊजी गेल्या महिन्यात गुपचूप आरसेवाल्याकडे नोकरी मागायला गेले होते.”

२

दीर मागच्या खोलीत कपाळाला हात लावून बसला होता. भाचीचा नवरा जहाजावर, त्यामुळे घरातला पुरुष म्हणायचा तर हाच, आणि आज सकाळपासून त्याला कोणी चहासुद्धा विचारला नव्हता. आत्याने आधी चहा ठेवला. आरोपी उपाशी असला की खरं बोलत नाही, फक्त लवकर बोलतो, असा तिचा अनुभव होता.

“आत्या, लॅपटॉप पार भरला होता. दर पाच मिनिटांनी अडकायचा. मला वाटलं, तक्ता तयार झालाय, आता जुन्या चाचण्यांचं काय काम. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.”

“आणि नोकरी?”

तो कपाकडे बघत राहिला. “वहिनींच्या सावलीत किती दिवस राहायचं? पण आरसेवाला म्हणाला, येताना वहिनींचं काहीतरी घेऊन ये, मग बोलू. मी तिथून उठून आलो. हे वहिनींना सांगितलं असतं तर आधी ‘गेलातच कशाला’ हे ऐकावं लागलं असतं.”

शपथ घेणारी मुलं आत्याने पोत्याने पाहिली होती. ती खऱ्याखोट्याचा निवाडा चेहऱ्यावरून करत नसे. “मला तक्ता दाखव,” ती म्हणाली.

स्क्रीनवर आकडे आले आणि आत्याने चष्मा पुसला. ६१.२, ६१.८, ६२.६... अर्ध्या मुठीच्या ओळीत आकडे शहाण्या मुलांसारखे रांगेत चढत होते. मध्येच ७९.३, ७८.७, आणि मग पुन्हा ६३.४.

“हा मधला उंचवटा कसला?”

“चार हजार दोनशे फेऱ्यांचा. गाडी बेकरीवाल्यांची आहे ना, तो त्यांचा हट्ट. वहिनींनी त्याच्यावर अख्खा एक दिवस घालवला.”

“आणि मंडळाच्या पत्राबरोबर जोडलेल्या कागदावर तर ७९ आणि ७९ आहे. पॉइंट कुठे गेला?”

“छापताना पूर्णांक होतो. नाहीतर दोनशे छप्पन आकडे एका पानात मावत नाहीत.”

आत्याने चहा संपवला, कप विसळला आणि पर्स काखेला मारली. कॉपी पकडताना दोन मुलांची बरोबर उत्तरं जुळली की काहीच सिद्ध होत नाही. बघायचं असतं ते कुठे जुळत नाही ते. “चल, मंडळात जाऊ. ज्याच्यावर आरोप आहे त्याला समोरच्याचा पेपर बघायचा हक्क असतो.”

मंडळाच्या कारकुनाने आधी साहेब नाहीत म्हटलं, मग किल्ली नाही म्हटलं. आत्या समोरच्या खुर्चीवर बसून राहिली. बारा मिनिटांनी किल्ली सापडली. आरसेवाल्याचा पेनड्राइव्ह लावला गेला आणि दिराने तक्ता उघडला.

६१.०, ६२.०, ६३.०, ७९.०, ७९.०, ६३.०.

दोनशे छप्पन आकडे, आणि एकाच्याही पॉइंटपुढे शून्याशिवाय काही नाही.

३

“भाऊजी सुटले,” आत्याने घरी येऊन जाहीर केलं.

भाचीला कळेना. “कसे?”

“अगं, ज्याच्या खिशात किल्ली आहे तो भिंत कशाला फोडील? लॅपटॉप याच्या हातात. एका क्लिकमध्ये अख्खा तक्ता निघतो, पॉइंटसकट. आरसेवाल्याकडे पॉइंट नाहीत, म्हणजे त्याला लॅपटॉपमधली फाइल मिळालीच नाही. त्याने छापील कागद समोर ठेवून दोनशे छप्पन आकडे एकेक करून भरलेत. कॉपीसाठी एवढी मेहनत करणारा विद्यार्थी मी पहिल्यांदाच बघतेय.”

भाची दिराकडे बघू शकली नाही. तिने सकाळपासून त्याला जे म्हटलं होतं ते तिला आता एकेक शब्द आठवत होतं. “भाऊजी, सकाळी मी...” ती म्हणू लागली.

“राहू द्या वहिनी. मंगळवारी पुसलं ते मीच.”

“माफ्या नंतर,” आत्या म्हणाली. “छापील कागद किती होते?”

“दोन. एक मंडळाला दिला.”

“तो गुरुवारी. आरसेवाल्याने बुधवारीच भरलं होतं. दुसरा?”

“दुसरा गाडीच्या सीटखाली. मी नेहमी लावते. काम झालं की तक्ता छापायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, निळ्या टेपने तोंड बंद करायचं आणि सीटखाली चिकटवायचा. औषधाची चिठ्ठी रोग्याजवळच असावी. सोमवारी संध्याकाळी चिकटवला आणि बेकरीवाले गाडी घेऊन गेले.”

“आणि ही तुझी रीत कोणाकोणाला माहीत आहे?”

भाचीने वर पाहिलं. “सगळ्यांना, आत्या. माझ्या पाटीवरच लिहिलंय.”

४

बेकरीच्या मागच्या दाराशी गाडी उभी होती. बेकरीवाले कोपरापर्यंत पिठात होते आणि गाडीविषयी बोलताना त्यांचा आवाज एकदम हळवा होत असे. त्यांनी गाडीची हवा घ्यायची पेटी काढून तिथे लांब, वाकडी स्टीलची नळी बसवली होती.

“आमच्या पहिल्या भट्टीची नळी आहे, आत्याबाई. वडिलांनी लावलेली. भट्टी गेली, नळी ठेवली. तुमची भाची म्हणाली, काढा, ट्यूनिंगला त्रास होतो. मी म्हटलं, ट्यूनिंग राहू दे, नळी नाही काढणार.”

“मग?”

“मग काय, तिने तीन दिवस डोकं लावलं. आता लोण्यासारखी चालते.”

आत्याने मनात एक खूण करून ठेवली. “सोमवारपासून गाडी कुठे कुठे गेली?”

“सोमवारी रात्री इथेच. मंगळवारी सकाळी सीटवाल्याकडे दिली, नवं कव्हर शिवायला. संध्याकाळी ढकलत आणली. त्यानंतर इथून हललेली नाही. नव्या सीटवर मी अजून बसलोसुद्धा नाही, मळेल म्हणून.”

म्हणजे दोन जण. बेकरीवाले आणि सीटवाला. भाचीने सीट उचलली. पिशवी जागेवर होती, निळी टेपही. आत्याने ती उजेडात धरली. बाहेरून सगळीकडे पिठाची बोटं होती. बेकरीवाल्यांनी हात लावलेल्या प्रत्येक वस्तूवर ती असायची, त्यांच्या चष्म्यावरसुद्धा. पण पिशवीच्या आत, कागदाच्या घडीत, पिवळ्या रंगाचे चार-पाच बारीक कण अडकले होते. आत्याने एक नखावर घेऊन दाबला. तो दबला आणि पुन्हा फुगला.

“फोम,” भाची म्हणाली.

“बाहेर पीठ, आत फोम. पीठवाल्याने उघडली असती तर आत पीठ गेलं असतं. बेकरीवाले, तुम्ही पास.”

बेकरीवाल्यांना आपण परीक्षेला बसलो होतो हेच माहीत नव्हतं, तरी त्यांना बरं वाटलं.

सीटवाल्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. तो शिलाई मशिनवर वाकला होता आणि केसांपासून चपलांपर्यंत पिवळा झाला होता. आत्याने काही विचारलं नाही. पिशवी मशिनवर ठेवली आणि स्टुलावर बसली.

मशीन थांबलं. “मी फोटो काढून दिला,” तो म्हणाला. “आरसेवाला म्हणाला, नुसतं बघायचंय, बाई कसं करते ते. मला यातलं काय कळतं, बाई. आकडे होते नुसते.”

“हे उद्या मंडळापुढे सांगशील?”

त्याने नकारार्थी मान हलवली. “माझ्याकडच्या दहातल्या नऊ सीटा त्याच्या असतात. उद्या तुम्ही माझं नाव घेतलंत तर मी म्हणेन, मी यांना ओळखतच नाही.”

५

परत येताना भाची पाय ओढत चालली होती. चोर सापडला होता, वाट सापडली होती, आणि हातात मात्र काहीच नव्हतं. फोमचे चार कण घेऊन मंडळापुढे कोण उभं राहणार? पॉइंटची गोष्ट सांगितली तर आरसेवाला म्हणेल, हिनेच माझे आकडे घेऊन पुढे पॉइंट चिकटवले.

आत्या मात्र हसू दाबत चालली होती. “तुला सांगते, एकदा एका मुलाने पेपरात शंभरपैकी नव्वद गणितं बरोबर सोडवली होती. तरी मी त्याला शून्य दिलं.”

“का?”

“वर्गात दोन प्रकारचे पेपर वाटले होते, अ आणि ब. त्याच्यापुढे होता अ. त्याने उत्तरं लिहिली ब ची. उत्तरं बरोबरच होती गं, फक्त त्याच्या प्रश्नांची नव्हती.” ती थांबली. “त्या आरसेवाल्याच्या गाडीला हवेची पेटी आहे की भट्टीची नळी?”

भाची रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.

६

शनिवारी तीनला मंडळाच्या शेडमध्ये बरीच गर्दी होती. दुसऱ्याची फजिती बघायला माणसं वेळेवर येतात. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. अध्यक्ष जुने शर्यतवाले, एका पायाने लंगडत चालायचे आणि कमी बोलायचे. आरसेवाला इस्त्रीच्या शर्टात आला होता. चोर तो चोर, वर शिरजोर, असं भाचीच्या मनात आलं.

“खुलासा?” अध्यक्ष म्हणाले.

“मला यांना तीन प्रश्न विचारायचेत,” आत्या म्हणाली. “मला गाड्यांतलं कळत नाही, तेव्हा सांभाळून घ्या. हा तक्ता तुम्ही स्वतः केलात?”

“अर्थात,” आरसेवाला हसून म्हणाला.

“याच गाडीवर?”

“याच गाडीवर, बाई. तीन दिवस लागले.”

“अर्ध्या मुठीचे आकडेही? हा मधला ७९ सुद्धा?”

आरसेवाल्याने कागदाकडे एक नजर टाकली. “हो. चार हजार दोनशेला या इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. हे कळायला अनुभव लागतो.”

“लिहून घ्या,” आत्या कारकुनाला म्हणाली, आणि कारकुनाने खरंच लिहून घेतलं. “आता दोन्ही गाड्या रोलरवर चढवा. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

मागून दोघंतिघं हसले. आरसेवाला हसला नाही.

आधी पूर्ण मूठ झाली. दोन्ही गाड्या गरजल्या, पडद्यावर दोन्ही रेषा सरसर वर चढल्या, जवळजवळ सारख्या. आरसेवाल्याने हात पसरले, जणू विचारत होता, झालं समाधान? भाचीने आत्याकडे पाहिलं. आत्याने पर्सचा पट्टा घट्ट धरला होता, आणि तेवढ्यावरून भाचीला कळलं की आत्याही घाबरलीय.

“आता अर्धी मूठ,” भाची म्हणाली. “तीन हजारापासून पाच हजारापर्यंत, हळूहळू.”

बेकरीवाल्यांची गाडी गेली. तीन हजार, साडेतीन, चार, चार हजार दोनशे, पाच. आवाजात कुठे सुरकुती नाही. बेकरीवाल्यांनी डोळे पुसले आणि कपाळावर पीठ लावून घेतलं.

मग आरसेवाल्याची. तीन हजार नीट. साडेतीन नीट. चार हजार ओलांडले आणि गाडीने खोकायला सुरुवात केली. सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट निघाला आणि पहिल्या रांगेतल्या लोकांनी रुमाल काढले. गाडी रोलरवर आचके देत होती. जी गाडी म्हणे तीन दिवस अर्ध्या मुठीवर तपासली, ती अर्ध्या मुठीवरच गुदमरत होती. चार हजार पाचशेला पोचली तशी ती पुन्हा सुरळीत झाली.

“प्लग खराब असेल,” आरसेवाला म्हणाला.

“बदला,” अध्यक्ष म्हणाले.

प्लग बदलला. चार हजार दोनशेला तोच खोकला, तोच धूर.

“त्या ७९ ला कारण आहे,” भाची पुढे होऊन म्हणाली. आज पहिल्यांदाच तिचा आवाज तिचा वाटत होता. “या नळीमुळे माझी गाडी नेमकी तिथे जास्त हवा ओढते. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल. यांच्या गाडीला कंपनीची पेटी आहे. तिथे जास्त हवा येतच नाही. यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या गाडीत भरलंय. आणि अर्धी मूठ एकदाही चालवून बघितली नाही, कारण हे ती कधीच चालवत नाहीत.”

“नक्कल करायलाही अक्कल लागते,” आत्या म्हणाली. हे वाक्य तिने चौतीस वर्षांत अनेकदा वापरलं होतं, पण इतकं चपखल कधी बसलं नव्हतं.

मग मागच्या दाराशी कोणीतरी हात वर केला. पिवळा, फोमने माखलेला हात होता. “फोटो मी काढला होता, साहेब,” सीटवाला म्हणाला. “काल ह्या बाई मला एक वाईट शब्द बोलल्या नाहीत. रात्रभर तेच टोचत राहिलं.”

आरसेवाला आपल्या गाडीपासून दोन पावलं मागे सरला. अध्यक्ष लंगडत त्याच्या गाडीपाशी गेले आणि टाकीवर हात ठेवून उभे राहिले. “गाडीचा काय दोष,” ते म्हणाले. “हिला नीट कोण करील?”

भाची बाह्या सरसावून बसली. दिराने न सांगता लॅपटॉप जोडला. ती आकडा सांगायची, तो भरायचा, गाडी चालायची, आणि निकाल मोठ्या पडद्यावर यायचा. ७९ चे ७२ झाले, धूर पातळ झाला. ६७, खोकला अर्ध्यावर आला. ६४, नुसता घसा खाकरल्यासारखा. ६२.४. गाडी तीन हजारापासून पाच हजारापर्यंत एका दमात गेली, आणि बघे म्हणून आलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली. पंचवीस मिनिटं लागली होती.

“चोवीस गाड्या सोमवारी पाठवतो,” अध्यक्ष म्हणाले. “यादीतून एक नाव जाणार आहे, तुमचं नाही. आणि प्रत्येक सीटखाली तो कागद हवा.”

“सीटा कोण शिवणार?” बेकरीवाल्यांनी विचारलं. भाचीने दाराकडे पाहिलं. सीटवाला अजून तिथेच उभा होता.

“हाच,” ती म्हणाली. “पण पिशवीचं तोंड मी स्वतः शिवीन.”

संध्याकाळी वर्कशॉपच्या पायरीवर तिघं चहा घेत बसली. भाचीने पहिला कप दिराच्या हातात दिला. “भाऊजी, काल मी जे बोलले ते मनावर घेऊ नका. लॅपटॉप तुमच्याकडेच राहील. आणि ते सावलीचं आत्याने सांगितलं मला, पण आज मीच तुमच्या सावलीत बसले होते.”

दिराने कप खाली ठेवला. त्याने खिशातून घडी घातलेले कागद काढले. शेडमधली प्रत्येक चाचणी त्याने साठवली होती, तीन ठिकाणी, आणि वर छापूनही आणली होती. ७९, ७२, ६७, ६४, ६२.४. या वेळी पॉइंटही छापला होता.

आत्याने चष्मा लावला आणि पर्समधून लाल पेन काढलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते पर्समध्ये होतंच. एकेक कागद तिने खालपर्यंत वाचला, प्रत्येक पायरीवर बारीक खूण केली, आणि शेवटच्या पानावर मोठ्ठं १०० लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

भाची कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. “आत्या, हे तू कोणालाच देत नाहीस.”

“पायऱ्या आहेत ना,” आत्या म्हणाली. तिने चहाचा घोट घेतला.

“आणि मला?” दिराने विचारलं.

“तुला अठ्ठ्याण्णव,” आत्या पेनाचं टोपण लावत म्हणाली. “मंगळवारचे दोन कापले.”